जड पाणी

विल्मिंग्टनच्या हार्डवेअरच्या दुकानात
गल्ल्यापाशी, खिळ्यांच्या पाकिटांशेजारी
प्लास्टिकच्या घुमटाखाली बसलं होतं ते.
व्हीनस फ्लायट्रॅप. सहा डॉलर. माश्या खातं.
घेतलं, कारण टेरिल हसला,
आणि त्या आठवड्यात तो हसला नव्हता.

घरी आल्यावर घुमट काढला नि आधी बोट घातलं.
मिटलं!
मग टेरिलनं घातलं. मग चर्चहून आलेल्या लोवेलाबाईंनी,
त्यांच्या नातवांनी, केबलवाल्यानं.
रविवार संध्याकाळपर्यंत सगळे जबडे
रिकाम्या घासावर मिटून मिटून
दमले होते.

मग मी हॅमचा तुकडा भरवला, नखाएवढा.
चौथ्या दिवशी वास. तो जबडा काळा.
मग टोमॅटोचं निळं खत, चमचाभर.
आणखी तीन काळे.
खिडकी स्वयंपाकघराची, तिथं ऊन येतं
समोरच्या ट्रकच्या काचेवरून, अर्धा तास, उसनं.
आणि पाणी नळाचं, रोज, काठोकाठ.
मला असंच वाढवलंय:
खा, अजून घे, ताटात काही टाकू नकोस.

सोमवार, बुधवार, शुक्रवार
पहाटे पाचला डायलिसिसच्या खोलीत
चार नंबरच्या खुर्चीत हार्ली बोर्डो येऊन बसतात.
एकतीस वर्षं वनखात्यात.
"सरकारी पगारावर आगी लावायचो," म्हणतात,
आणि दंड पुढे करतात, सुईसाठी.

मी सुई लावता लावता रोपाचं सांगितलं.
"पाणी कुठलं?"
"नळाचं."
इतके हसले की मशीन ओरडलं.
"अगं, दिवसभर इथं माझ्या रक्तासाठी पाणी गाळतेस,
आणि घरी त्या पोराला चुना पाजतेस?"

मग डोळे मिटून बोलत राहिले, चार तास होतेच:
जगात हे रानात उगवतं ते फक्त इथं,
आपल्या दाराशी, पाइनच्या जंगलात.
(मी इथलीच. कधी पाहिलं नाही.)
खाली वाळू, आंबट चिखल, दुसरं काही नाही.
मातीत काही नाही म्हणून तर तोंड उघडायला शिकलं.
मातीला जेवायला घातलंस की मरतं.
आम्ही गवत पेटवायचो,
आणि राखेतून पंधरा दिवसांत वर यायचं
आधी हेच, हिरवंगार, निर्लज्ज.
"ओलं ठेव. उन्हात ठेव. उपाशी ठेव.
आणि बोटं आवर."

त्यांना स्वतःला दिवसाला एक लिटर पाणी.
बर्फाचे खडे मोजून चोखतात.

त्या रात्री फिल्टरच्या खोलीतून
दोन बाटल्या भरून नेल्या. कुणाला विचारलं नाही.
कुंडी मागच्या पायरीवर, दक्षिणेला.
जुलैत तीन नवी पानं.
एके सकाळी एक जबडा मिटलेला, फुगलेला,
काचेसारख्या पातळ बाजूतून मुंगीची सावली.
तो घास मी भरवला नव्हता.
का कोण जाणे, थोडं वाईट वाटलं.

नोव्हेंबरात पुन्हा काळं. सगळंच.
वाटलं, परत मीच.
"झोपलंय," बोर्डो म्हणाले. "थंडी दे. तीन महिने."
पायरीवरून ते रात्री कुणीतरी उचलून नेईल
म्हणून शेवाळात गुंडाळून
फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवलं,
सेलरी आणि अर्ध्या कांद्याच्या मध्ये.
टेरिल विचारतो, मेलंय?
म्हणते, माहीत नाही.
"मग टाकून दे ना."
"नाही."

आज बोर्डोंनी चौथा खडा मागितला.
नाही म्हटलं.
त्यांनी शिवी घातली, मग दुसरी,
आणि मग तिसरा खडा गालात धरून
हळूहळू विरघळू दिला.

रात्री दुधासाठी फ्रिज उघडते.
दिवा लागतो. खण दिसतो.
हात पुढे जातो, एवढंच बघायला,
तळाशी कुठे हिरवा कण आहे का.

दूध घेते.
दार लावते.